आटे गेले, आता काय?

काका, नमस्कार.

माझ्याकडे २००४ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. कागदोपत्री वडिलांची. ते आजऱ्याला असतात. गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी सोडली आणि मी ती कोल्हापूरला आणली. राजारामपुरीत भाड्याने राहतो, रोज गोकुळ शिरगावला कामाला जातो.

दिवाळीआधी गॅरेजला सर्व्हिसिंगला टाकली. बिल असं : चेन-स्प्रॉकेट किट १,१५०, ऑईल ४००, पुढचे-मागचे ब्रेक शू ४२०, क्लच केबल १८०, किरकोळ ३५०, मजुरी ५५०. एकूण ३,०५० रुपये. टॅपेटची टिकटिक फार यायची, तीही बंद करून घेतली. तेव्हा बरं वाटलं, पण आता गाडी गरम झाली की सिग्नलला बंद पडते. आधी असं नव्हतं. दोनदा जाऊन आलो, कार्बोरेटर साफ करून दिला, फरक नाही. आपल्याला गंडवलं असंच वाटतंय.

चिडून ठरवलं, यापुढे आपणच करायचं. व्हिडिओ बघितले, पाने आणले आणि गेल्या रविवारी पार्किंगमध्ये ऑईल बदललं. खालचा बोल्ट लावल्यावर थेंब थेंब गळायला लागलं, म्हणून पान्याला पाइप घालून आवळला. आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि बोल्ट नुसता गोल फिरायला लागला. त्याच्यावर एमसील लावलंय. सध्या थेंब येत नाही.

बायको म्हणते, "साडेपाचशे वाचवायला गेलास आणि इंजिन घालवलंस." वडिलांचं पहिल्यापासून एकच, "मिस्त्रीबिगर गाडीला हात लावायचा न्हाई." त्यांना अजून सांगितलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी फरशीवरच्या डागावरून रोज बोलतात. येत्या शनिवारी गाडी घेऊन आजऱ्याला जायचंय. जुन्या गाडीचं काम स्वतः करावं की गॅरेजला द्यावं, ते एकदा सांगा.

– आ., राजारामपुरी

———

काका म्हटलंस, म्हणून अरेतुरेच करतो.

आधी शनिवारचं बोलू. या बोल्टावर आजऱ्याला जायचं नाही. गोकुळ शिरगावलाही नाही. एमसील कोरड्या, स्वच्छ जागेवर धरतं. तू ते तेलकट इंजिनाला लावलंयस आणि ते इंजिन रोज तापणार, रोज निवणार. हा लेप एक दिवस खपली निघावी तसा निघेल. तुझ्या गाडीत तेल असतं सगळं मिळून लिटरभराच्या आत-बाहेर, आणि बोल्ट पडला तर ते मिनिटभरात रस्त्यावर येईल. इंजिन जाम होईल ही त्यातली स्वस्त बाजू झाली. तो बोल्ट मागच्या चाकाच्या बरोबर पुढे आहे, म्हणजे तेल सांडेल ते तुझ्याच टायरखाली. तेव्हा शनिवारी एसटीने जा.

आता काय झालं ते समजून घे, कारण व्हिडिओत हे सांगत नाहीत. थेंब बोल्ट ढिला होता म्हणून येत नव्हता. तो येत होता वायसरमुळे. त्या बोल्टाखाली मऊ धातूचा एक चपटा वायसर असतो. आवळल्यावर तो चेपतो आणि तेलाची वाट बंद करतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, दर वेळी नवा घालायचा. किंमत विचारायलाही लाज वाटावी इतकी कमी असते. तू जुनाच घातलास, तो बसला नाही, आणि तू दोष बोल्टाला दिलास. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. पोलादाच्या आट्यांनी ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढले. पान्याची लांबी कंपनीने उगाच ठरवलेली नसते. लहान बोल्टाचा पाना आखूड असतो तो माणसाने जास्त जोर करू नये म्हणूनच. पाइप लावलास तिथे तो हिशेब मोडला. हा बोल्ट मनगटाने आवळायचा असतो, खांद्याने नाही.

पण बायकोला सांग, इंजिन गेलेलं नाही. आटे गेलेत, आणि कोल्हापुरात राहून गेलेल्या आट्यांची काळजी करायची म्हणजे पंचगंगेच्या काठी राहून पाण्याची काळजी करण्यासारखं आहे. शिवाजी उद्यमनगर तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे दोन उपाय सांगतील. एक, भोक जरा मोठं करून नवे आटे पाडायचे आणि मोठा बोल्ट घालायचा. दुसरा, भोक मोठं करून त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवायची आणि मूळ मापाचाच बोल्ट वापरायचा. तिला हेलिकॉइल म्हणतात. मी दुसरा घेईन. एक तर बोल्ट मूळचाच राहतो, आणि पुढे आटे स्टीलचे असल्याने तुझ्यासारख्या उत्साही माणसालाही पुरून उरतात. काम सुरू करण्याआधी एवढं म्हण : आटे पाडायच्या टॅपला ग्रीस लावून फिरवा, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येईल, आणि शेवटी थोडं स्वस्तातलं तेल वरून ओतून खालून जाऊ द्या. आत राहिलेला ॲल्युमिनियमचा चुरा हाच या कामातला खरा धोका. गाडी तिथपर्यंत ढकलत ने, नाहीतर गॅरेजवाल्याला टेम्पो सांग.

आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांग. "अचानक गळायला लागलं" असं म्हणू नकोस. पाइप लावला हे ऐकून ते हसतील, चार गिऱ्हाइकांना दोन दिवस सांगत बसतील. बसू देत.

आता तुझं बिल. मी ते तीनदा वाचलं. ३,०५० पैकी मजुरी ५५० रुपये. बाकीचा पैसा मालाचा आहे, आणि तो तू स्वतः काम केलं असतंस तरी दुकानात मोजावाच लागला असता. चेन, शू, केबल, ऑईल, सर्व्हिसिंग, एवढ्या कामाला ५५० मजुरी जास्त नाही. तू घेतलेल्या पान्यांचा संच किती वर्षांनी फिटेल याचा हिशेब तूच कर, आणि त्यात आता आटे पाडायचा खर्चही धर. पैसे वाचवायला म्हणून कोणी जुन्या गाडीचं काम घरी करत असेल तर पहिली दोन वर्षं तो तोट्यातच असतो. मी तर चार वर्षं होतो.

मला यादीत खटकली ती एकच ओळ : 'किरकोळ ३५०'. केबल १८० ची आणि किरकोळ त्याच्या जवळजवळ दुप्पट? हे विचारायला हवं होतं. भांडून नाही, साधं, "मामा, यात काय काय आलं?" कदाचित पॅकिंग, वायसर, ग्रीस, वॉशिंग असं सगळं त्यात असेल. कदाचित काहीच नसेल. आणि बदललेला जुना माल परत मागायचा. मला तरी कोणी कधी नाही म्हटलेलं नाही. जुने ब्रेक शू हातात घेतले की कळतं, बदलायला झाले होते की नव्हते.

पण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ओघात लिहून गेलास : "टॅपेटची टिकटिक बंद करून घेतली."

तूच करून घेतलीस ना? मग गंडवलं कोणी?

इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात, आणि त्यांना दाबणाऱ्या टॅपेटच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बारीकशी फट ठेवलेली असते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. ही फट असते म्हणून टिकटिक येते. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीने वाढतो आणि वाढायला त्याला ही जागा लागते. फट काढून टाकली की गार इंजिन शिलाई मशीनसारखं गोड चालतं, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन गळतं. रेस दिलेली असते तोवर गाडी ओढते, सिग्नलला रेस सोडली की जीव सोडते. तू लिहिलंयस ते हेच आहे असा माझा अंदाज. तसंच चालवत राहिलास तर व्हॉल्व्हची कड जळते आणि मग हेड खोलावं लागतं. तेव्हा जाऊन सांग, "टॅपेट सुटे करा, गार इंजिनावर, फिलर गेज लावून." फिलर गेज म्हणजे ती फट मोजायची पातळ पट्टी. गाडी रात्रभर त्यांच्याकडे सोड, म्हणजे सकाळी गार मिळेल. गिऱ्हाईक "आवाज काढा" म्हणालं की दहातले आठ मिस्त्री आवाज काढतात. गिऱ्हाइकाशी वाद घालून धंदा होत नाही. तुझ्या मिस्त्रीने तुला अडवायला हवं होतं हे खरं, पण तू त्याला आजार सांगितला नाहीस, औषधच सांगितलंस. थोडी टिकटिक असू दे. स्प्लेंडर अगदी गप्प झाली तर मला काळजी वाटते.

स्वतः की गॅरेज, या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. मिस्त्री तुझी गाडी तीन-चार महिन्यांतून एकदा, अर्धा तास बघतो. तू रोज बघतोस. काही कामं रोज बघणाऱ्याची आहेत आणि काही रोज शंभर गाड्या खोलणाऱ्याची. कोणतं कोणाचं हे ठरवायला माझा एक साधा नियम आहे. चूक झाली तर गाडी सुरू होणार नाही, असं काम घरी करावं. चूक झाली तर गाडी थांबणार नाही, असं काम मिस्त्रीकडे द्यावं.

नियम कुठून आला ते सांगतो. कॉलेजात असताना मामाची सीडी १०० माझ्याकडे होती. पुढचा ब्रेक चीं चीं करायचा, म्हणून चाक काढलं, शू घासले, ड्रम पुसला, चाक परत बसवलं. ब्रेकच्या झाकणाला बाहेरून एक खाच असते आणि शॉकअपच्या नळीला आतून एक खुंटी. ही खुंटी त्या खाचेत बसली पाहिजे, तीच ते झाकण चाकाबरोबर फिरू नये म्हणून धरून ठेवते. माझी बसलीच नव्हती, बाजूला टेकली होती. ॲक्सल आवळल्यावर चाक मोकळं फिरत होतं, सगळं छान दिसत होतं. रंकाळ्याच्या कडेने जाताना पहिल्यांदा जरा जोरात ब्रेक दाबला आणि अख्खं झाकण फिरलं. केबल ओढून तुटली, चाक जाम. वेग कमी होता म्हणून कोपर आणि पँटवर निभावलं. मामाला मी "वाळूवरून घसरलो" असं सांगितलं होतं. म्हणजे घरातल्या मोठ्यांपासून लपवण्याच्या बाबतीतही मी तुझ्या पुढचाच आहे.

म्हणून ब्रेक शू, चाकाचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट, शॉकअप, क्लच, आणि इंजिन उघडावं लागेल ते सगळं गॅरेजला. ब्रेकचा सैलपणा नटाने कमी करणं तू करू शकतोस, तेवढंच. मागच्या ब्रेकच्या झाकणावर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेपर्यंत गेला की शू संपले. बघायचं तू, बदलायचे त्यांनी. आणि ड्रममधली ती काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, फुफ्फुसाला ते कायमचं चिकटतं. ओल्या फडक्याने पुसायची.

ऑईल मात्र तूच बदल. हो, आटे घालवूनही मी हेच म्हणतोय. आता ती चूक तू पुन्हा करणार नाहीस, आणि हे शिक्षण तुझं पैसे भरून झालेलं आहे. गाडी पाच मिनिटं चालवून मग तेल सोडायचं, गरम तेल गाळ घेऊन येतं. मेन स्टँडवर ठेव. नवा वायसर घाल. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी पूर्ण आत गेला पाहिजे. बोटांनी अडला तर आटा वाकडा लागलाय, पान्याने जबरदस्ती करायची नाही, मागे घेऊन पुन्हा लावायचा. तेल दुचाकीचंच, तुझ्या गाडीला १० डब्ल्यू ३०. कारचं उरलेलं तेल घालायचा मोह होतो, ते नको. तुझ्या गाडीत क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात, आणि कारच्या तेलातल्या घसरणीच्या औषधाने क्लच स्लिप व्हायला लागतो. पातळी बघताना काठी आटे फिरवून आत बसवायची नाही, नुसती टेकवून काढायची. बहुतेक लोक इथे चुकतात आणि तेल कमी असताना पुरेसं आहे समजतात. मी स्वतः अडीच हजार किलोमीटरला बदलतो. हँडबुकात याहून जास्त अंतर दिलेलं असेल, पण वीस वर्षांच्या इंजिनाला मी कंजुषी करत नाही. शिवाय या इंजिनाला कारसारखा सुटा ऑईल फिल्टर नाही. आत जाळी असते आणि क्रँकवर गरगर फिरणारी एक वाटी, जी जड घाण भिंतीला चिकटवून ठेवते. ती वाटी साफ करायला उजवं कव्हर उघडावं लागतं. हे काम कधीतरी मुद्दाम सांगून गॅरेजात करून घे. न सांगता कोणी करत नाही.

दुसरं तुझं काम चेन. तू दिवाळीला नवं किट घातलंस. नंतर एकदा तरी ताण बघितलास का? नवी चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ढिली पडतेच. स्प्लेंडरची चेन डब्यात बंद असते, त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही आणि मनातूनही जाते. खटखट आवाज आला की लोक म्हणतात चेन खराब झाली, ती बिचारी नुसती ढिली असते आणि डब्याला आपटत असते. डब्याला खाली रबराचं एक बूच आहे. ते काढ, आत बोट घाल आणि चेन वर-खाली करून बघ. साधारण इंचभर हलली पाहिजे, म्हणजे बोटाचं एक पेर. मग चाक थोडं फिरवून पुन्हा बघ. असं चार ठिकाणी. एका जागी घट्ट आणि एका जागी ढिली लागली तर घट्ट जागा धरून ताण ठेवायचा. मध्यावर ठेवलास तर घट्ट जागी आल्यावर बेअरिंगवर ताण येतो. ताण द्यायला ॲक्सलचा नट सैल करायचा, आणि डाव्या बाजूचा स्लीव्ह नटही, जो सगळे विसरतात आणि मग "चाक सरकतच नाही" म्हणून हातोडी मारतात. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही आपोआप घट्ट होतो, तो पुन्हा सैल करायचा. हे राहिलं तर ब्रेक चिकटून चालतो, ड्रम तापतो आणि तू ॲव्हरेज कमी झालं म्हणून कार्बोरेटरला दोष देत बसतोस. वंगणाला ९० नंबरचं गिअर ऑईल, ब्रशने. जुनं इंजिन ऑईल ओतायची गावाकडची पद्धत सोडून दे, त्यात धातूची कणी असते.

पहिल्यांदा तुला या कामाला दोन तास लागतील. तिसऱ्यांदा वीस मिनिटं.

बाकीचं पटकन सांगतो. प्लग काढून टोकाचा रंग बघ : फिकट विटकरी असेल तर उत्तम, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. फिल्टर फोमचा असेल तर साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचे थेंब चोळून पिळून घाल. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. केबलमध्ये वर्षातून दोनदा तेल सोड. टायरची हवा सकाळी गार टायरला. पावसाळ्यात गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालच्या स्क्रूने वाटी रिकामी कर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि २००४ च्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनवलेल्या नाहीत. नळी दाबून बघ. कडक किंवा चिकट लागली तर बदल, केबलहून स्वस्त आहे. हे सगळं घराबाहेर, मोकळ्या हवेत, आणि जवळपास कोणी विडी ओढत नसताना.

पाने कोणते आणलेस ते लिहिलं नाहीस. चाळीस नगांचा चकचकीत डबा आणला असशील तर तो भाच्याला दे. आठ ते एकोणीसपर्यंतचे रिंग पाने, प्लगचा पाना, एक पकड आणि दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर पुरतात. नाशिकच्या सातपूरची टापारिया घे, आयुष्यभर जाते. स्क्रू ड्रायव्हरचं एक गुपित : कार्बोरेटरवरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. साधा फुलीचा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जुन्या गाड्यांवर जे गोल झालेले स्क्रू दिसतात ते गंजाने नाही, याच कारणाने. दुकानात जेआयएस म्हणून माग.

शिकायला तुझ्याकडे गाडी मात्र योग्य आहे. स्प्लेंडर १९९४ मध्ये आली, त्याआधी १९८५ ला सीडी १००, आणि ९७.२ सीसीचं ते आडवं इंजिन तेव्हापासून घराघरांत आहे. हिरो आणि होंडा २०१० मध्ये वेगळे झाले तरी इंजिन राहिलं, त्यामुळे आजऱ्याच्या बाजारातही माल मिळतो. सीडी १०० ची जाहिरात तुझ्या वडिलांना नक्की आठवत असेल : 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. त्याआधीच्या पिढीने गाडी म्हणजे रोज सकाळी तिची मनधरणी, असंच बघितलेलं. अशा माणसाला विसरता येणारी गाडी मिळाली आणि लक्ष ठेवायला एक विश्वासाचा मिस्त्री मिळाला. त्यांचं "मिस्त्रीबिगर हात लावायचा न्हाई" हे त्या काळाचं शहाणपण आहे. वीस वर्षं त्यांनी ती गाडी ज्याच्याकडे नेली, तो आजऱ्याचा मिस्त्री अजून गॅरेज चालवत असेल तर गाडी दुरुस्त झाल्यावर एकदा त्याच्याकडेही ने. या गाडीत कधी काय बदललं, हे त्याला तुझ्या बिलांपेक्षा जास्त आठवत असेल.

वडिलांना या शनिवारीच सांग. फोनवर नको. एसटीतून उतरलास की "गाडी कुठं आहे?" हा पहिला प्रश्न येणारच आहे, त्याला खरं उत्तर दे. सोबत तो आटे सोलणारा बोल्ट खिशातून ने आणि हातावर ठेव. आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकाकती तार अडकलेली दिसेल. पोराने काय केलं यापेक्षा हे कसं झालं, यातच ते पाच मिनिटांत रमतील असं मला वाटतं. शिव्या बसतील त्या वेगळ्या. तिथे असतानाच आरसी बुकही बघून घे. २००४ ची गाडी म्हणजे २०१९ ला आणि २०२४ ला पासिंग झालेलं असायला हवं. राहिलं असेल तर टॅपेट-बिपेट सगळं नंतर, आधी आरटीओ. पीयूसी तुझ्या गाडीची दर सहा महिन्यांनी असते हेही लक्षात ठेव.

राहिले सेक्रेटरी. डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट टाक, रात्रभर राहू दे, सकाळी झाडून घे आणि भांड्याच्या साबणाने ब्रशने घास. दोन-तीनदा करावं लागेल. पुढच्या वेळी खाली जुना फ्लेक्स आणि त्यावर पसरट टब ठेव. काढलेलं काळं तेल गटारात सोडायचं नाही, नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजला नेऊन दे. त्यांच्याकडे त्याचं पिंप असतं, ते तेल पुढे विकलं जातं. तेल देताना तुझं तिथे जाणं होईल, चहा होईल, आणि 'किरकोळ'मध्ये काय होतं तेही तेव्हाच विचारता येईल.